पोर्टांचा सातबारा

नांदेडच्या चार विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे. शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट म्हणून ३२ बिटांच्या इंटेल यंत्रासाठी स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिलंय. क्यूएमू या नकली पीसी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते छान उठतं. कॉलेजच्या लॅबमधल्या खऱ्या पीसीवर मात्र कीबोर्ड सुरू करायच्या टप्प्यावर येऊन गप्प होतं. गाईड म्हणतात, इनबी-आउटबी (उपकरणांच्या क्रमांकित दारांवर, म्हणजे पोर्टांवर, एक बाईट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हाका) सगळीकडे पसरलंय, एक वेगळा थर करा आणि सगळं त्यातून न्या. मोजलं तर १९ फायलींत १४० च्या वर जागा निघाल्या. चौघांपैकी एकाचं म्हणणं, चालतंय त्याला हात लावू नका. विचारलंय ते असं: सुरुवात कुठून करायची, प्रत्येक आउटबीनंतर जी थांबायची ओळ आहे ती काढली तर चालेल का, आणि हे सगळं केलं की कर्नल एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर जाईल का.

मी वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात कंट्रोलर बनवतो. त्यातल्या काहींवर आमचंच छोटं कर्नल चालतं, आणि ही साफसफाई मी दोनदा केली आहे. एकदा चुकीची, एकदा बरी. त्यामुळे उत्तर लांबणार. पोर्टांचे, रजिस्टरांचे (चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागा), त्यांतल्या किमतींचे आणि मेमरीच्या पत्त्यांचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे ९ नंतर ए ते एफ अशा सोळाच्या पद्धतीत देतोय, दरवेळी सांगत बसणार नाही.

आधी गाईडच्या म्हणण्याबद्दल. १४० जागी आउटबी दिसतं म्हणून डोळ्यात खुपतं, पण दुखणं त्याखाली आहे. समजा उद्या तुम्ही आउटबीचं नाव बदलून 'पोर्टवर लिही' केलंत आणि ते एका फायलीत ठेवलंत. १४० जागा १४०च राहिल्या, फक्त दारावरची पाटी बदलली. इंटेलच्या यंत्रात ६५,५३६ पोर्टं आहेत आणि कर्नलमधली कुठलीही ओळ त्यातल्या कुठल्याही पोर्टवर कधीही लिहू शकते. साध्या प्रोग्रॅमला प्रोसेसर अडवतो, कर्नलला अडवत नाही. म्हणून कोणतं पोर्ट कुणाच्या नावावर, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. ते ठरलेलं नसेल तर वरचा थर कितीही देखणा करा, आत भाऊबंदकी चालूच.

किती करायचं हे तुमच्या हातात किती दिवस आहेत त्यावर आहे. तीन आठवड्यांत सादरीकरण असेल आणि ते क्यूएमूवरच दाखवायचं असेल, तर फक्त यादी करा, सामाईक पोर्टं तेवढी सोडवा आणि बाकीचं अहवालात 'पुढील काम' म्हणून लिहा. त्यात कमीपणा काही नाही. खऱ्या यंत्रावर उठवायचं असेल तर वाट पाहणारी सगळी वळणं (लूप) तपासावी लागतील. आणि दुसऱ्या प्रोसेसरवर न्यायचं असेल तर कामाची घडीच वेगळी.

सुरुवात यादीपासून. ग्रेप (फायलींत शब्द शोधणारी आज्ञा) मारा आणि १४० ओळी एका तक्त्यात ओता. आमच्याकडे या तक्त्याला सातबाराच म्हणतात, आणि ते गमतीने पडलेलं नाव असलं तरी चपखल बसलंय. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या हक्काची ते असतं, बारामध्ये प्रत्यक्षात त्यात काय पेरलंय ते. तसेच दोन रकाने करा: पोर्ट कुठल्या फायलीचं असायला हवं, आणि आज प्रत्यक्षात कोण-कोण तिथे लिहितंय. ३एफ८ ते ३एफएफ पहिल्या सिरीयल पोर्टचं, ६० आणि ६४ कीबोर्डचं, ४० ते ४३ टायमरचं, २०-२१ आणि ए०-ए१ इंटरप्ट कंट्रोलरचं, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणारे उपकरणांचे इशारे (इंटरप्ट) सांभाळणाऱ्या चिपचं, ७०-७१ घड्याळाचं. बहुतेक ओळी एका बैठकीत जागेवर बसतात. ज्या ओळींत दुसऱ्या रकान्यात दोन किंवा जास्त फायली येतात, त्यांच्याभोवती लाल गोल करा. माझ्या अनुभवात त्या दहा-बाराच असतात आणि सगळे विचित्र बग तिथेच राहतात.

दोन लाल गोल तुमच्याकडे असणारच. पोर्ट २१ म्हणजे इंटरप्टचा मास्क, कुणाचा इशारा घ्यायचा ते ठरवणारे बिट. कीबोर्डवाला येतो, २१ वाचतो, आपला बिट उघडतो, परत लिहितो. सिरीयलवालाही तेच करतो. वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये इंटरप्ट आला आणि त्यात तिसऱ्या कुणी मास्क बदलला, तर त्याने केलेला बदल पुसला जातो. दुसरं पोर्ट ६१. त्याचा शून्यावा बिट टायमरच्या दुसऱ्या चॅनलचं फाटक, पहिला बिट स्पीकरचा. बीप काढणारा आणि टायमरने वेळ मोजणारा दोघंही त्याच बाईटवर. सामाईक विहीर आहे ही. पाळी लावल्याशिवाय भागत नाही. अशा पोर्टला एकच मालक द्या आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे मागावं.

आता माझी चुकलेली साफसफाई सांगतो, कारण वरचं सगळं मी तिथे शिकलो.

लातूरकडच्या एका दाळमिलमध्ये ट्रकच्या वजनकाट्याला आमचा कंट्रोलर होता. गाडी काट्यावर चढते, वजन सिरीयलवरून येतं, पावती छापली जाते. तुरीच्या हंगामात रोज चाळीस-पन्नास पावत्या. आठवड्यातून एखादी पावती अशी निघायची की तारखेच्या जागी शून्य. कधी महिना शून्य, कधी दुपारी दोनच्या गाडीवर रात्रीचे बारा. वजन मात्र दरवेळी बरोबर. काट्यावरच्या मुनीमजींचा फोन आला, "साहेब, काटा नीट चालायलाय, पण ही शून्य तारीख कोणत्या पंचांगात असती तेवढं सांगा."

घड्याळाची चिप वाचायची रीत अशी: ७० वर रजिस्टरचा क्रमांक लिहायचा, मग ७१ वरून किंमत वाचायची. तास चौथ्या रजिस्टरमध्ये, तारीख सातव्यात, महिना आठव्यात. हे वाचणं आमच्या कोडमध्ये पाच ठिकाणी उघड्यावर लिहिलेलं होतं. मी तेच केलं जे तुमचे गाईड सांगतायत. एक सुबक फंक्शन लिहिलं, पाचही ठिकाणी ते लावलं, आणि नवीन आवृत्ती घेऊन स्वतः लातूरला जाऊन आलो. तीन आठवड्यांनी परत फोन.

झालं होतं असं. त्याच चिपचा नियतकालिक इंटरप्ट आम्ही वजनाचे नमुने घ्यायला वापरत होतो, सेकंदाला १,०२४ वेळा. तो इंटरप्ट पोचल्याची दखल द्यायची म्हणजे सी क्रमांकाचं रजिस्टर वाचावं लागतं, नाहीतर पुढचा येत नाही. हँडलरही (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) बिचारा तेच करत होता: ७० वर सी लिही, ७१ वाच. आता पाहा. मुख्य कोडने ७० वर 'सात' लिहिलं, तारीख हवी म्हणून. पुढची ओळ चालायच्या आत इंटरप्ट. हँडलरने ७० वर 'सी' लिहून ७१ वाचलं आणि परतला. मुख्य कोड शांतपणे ७१ वाचतो, त्याच्या मते तारीख. पण चिप अजून सी वरच उभी, आणि सी चा स्वभाव असा की एकदा वाचला की तो साफ होतो. म्हणून शून्य. बऱ्याच चिपसेटवर ७० परत वाचताही येत नाही, म्हणजे हँडलरने 'आधी काय होतं ते लक्षात ठेवतो आणि जाताना परत लावतो' म्हणायचीही सोय नाही.

दोन इंटरप्टांमधलं अंतर जेमतेम ९७७ मायक्रोसेकंद, आणि ७० लिहिणं ते ७१ वाचणं यातली फट साधारण एक. म्हणजे एका रजिस्टरमागे हजारात एकदा. पावतीवर तारीख, महिना, वर्ष, तास असे चार आकडे डोळ्यात भरण्यासारखे. गुणाकार करा, आठवड्याला एखादी पावती बरोबर येते. हा गुणाकार मी पहिल्याच दिवशी मांडला असता तर एक खेप वाचली असती.

माझ्या सुबक फंक्शनने काहीच सुटलं नव्हतं, कारण हँडलर दुसऱ्या फायलीत होता आणि तो ७० वर स्वतःच लिहीत होता. गंमत म्हणजे हँडलरनेही तेच फंक्शन वापरलं असतं तरी बग राहिलाच असता. गरज होती ती दोन गोष्टींची. ७० आणि ७१ फक्त घड्याळाच्या फायलीने हाताळायचे. आणि लिहिणं-वाचणं ही जोडी इंटरप्ट बंद ठेवून, एकाच घासात करायची. बंद करताना आधीची स्थिती जपून ठेवा आणि शेवटी तीच परत लावा. शेवटी आंधळेपणाने इंटरप्ट चालू करणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक आहे. तुम्हाला कुणी आधीच बंद अवस्थेतून हाक मारली असेल तर तुम्ही त्याच्या पायाखालची सतरंजी ओढता. एकापेक्षा जास्त कोअर वापरत असाल तर सोबत स्पिनलॉकही (दुसऱ्या कोअरला थांबवून ठेवणारं कुलूप) हवा.

मालकी ठरली की ती पाळली जाईल याची व्यवस्था करा. लिनक्समध्ये ड्रायव्हर आपली पोर्टं आधी मागून घेतो आणि चालू यंत्रावर प्रॉक फोल्डरमधल्या आयओपोर्ट्स फायलीत कुणाच्या नावावर काय आहे ते वाचता येतं. लॅबच्या पीसीवर लिनक्स असेल तर रूट होऊन ती फाईल नक्की उघडून पाहा, तुमचा अर्धा तक्ता आयता मिळेल. पण तिथेही नाव लावणं हा एक शिरस्ता आहे. न मागता पोर्टवर लिहिणाऱ्याचा हात कुणी धरत नाही. उताऱ्यावर नाव असलं म्हणून शेजारी बांध कोरायचा थांबतो असं थोडंच आहे! म्हणून आम्ही उघडे इनबी-आउटबी ज्या हेडरमध्ये आहेत ते फक्त ड्रायव्हरच्या फोल्डरला दिसेल असं ठेवलं, आणि बिल्डमध्ये एक ग्रेप टाकला: ते नाव दुसरीकडे कुठे सापडलं की बिल्ड फेल. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, पण चौघांच्या टीममध्ये रात्री दोन वाजता कुणीतरी 'तात्पुरतं' म्हणून आउटबी घालतोच.

थर करायचाच तर आर्ग्युमेंटच्या क्रमाकडे लक्ष द्या. लिनक्समध्ये आउटबीला आधी किंमत, मग पोर्ट. एमआयटीच्या एक्सव्ही-६ या शिकवण्यासाठीच्या कर्नलमध्ये आणि फ्रीबीएसडीमध्ये आधी पोर्ट, मग किंमत. विद्यार्थ्यांच्या कर्नलमध्ये थोडं इकडून, थोडं तिकडून आलेलं असतं, आणि दोन्ही आकडेच असल्यामुळे उलटं लिहिलं तरी कंपाइल होतं. ३एफ८ सारखा मोठा आकडा किमतीच्या जागी गेला तर तो आठ बिटांत मावत नाही म्हणून कंपायलर कुरकुरतो. पण ६०, ६४, ७०, ७१ हे सगळे मावतात, तिथे तो गप्प. त्यातही इंटरप्ट संपल्याचा इशारा म्हणजे पोर्ट २० वर २० लिहिणं. ते उलट केलं तरी सुलटच! त्यामुळे क्रम चुकलेला असूनही इंटरप्ट चालत राहतात आणि संशय भलतीकडे जातो. उपाय सोपा आहे: पोर्टला साधा पूर्णांक ठेवू नका, एका फील्डचं स्ट्रक्ट (स्वतंत्र प्रकार) करा. उलटं लिहिलं की कंपायलरच थांबवेल. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर मशीन कोडमध्ये त्याचा काही भार पडत नाही.

आता थांबायची ओळ. तुमच्या कोडमध्ये ती बहुधा पोर्ट ८० वर काहीतरी लिहिते. ८० हे बूट होताना बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) जे टप्प्यांचे आकडे टाकतं त्याचं पोर्ट. दुरुस्तीवाल्यांकडचं दोन आकडे दाखवणारं पोस्ट कार्ड तेच वाचतं. बूट झाल्यावर तिथे लिहून सहसा काही बिघडत नाही, आणि जुन्या बसपर्यंत जाऊन यायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो, म्हणून ते फुकटचं घड्याळ म्हणून वापरात आलं. जुन्या काळच्या इंटरप्ट कंट्रोलरला आणि टायमरला लागोपाठच्या दोन लिखाणांमध्ये तेवढी उसंत लागायची. 'सहसा' म्हणालो कारण काही लॅपटॉप ८० वर लिहिल्याने अडकायचे. म्हणून लिनक्सने ही वाट कशी पाहायची हे बूट करताना निवडू दिलं: पोर्ट ८०, पोर्ट ईडी, मोजून थांबणं, किंवा अजिबात नाही.

तुम्हाला माझा सल्ला: सरसकट काढू नका आणि सरसकट ठेवूही नका. इंटरप्ट कंट्रोलर आणि टायमरच्या सुरुवातीच्या मांडणीत ठेवा, ते बूटमध्ये एकदाच चालतं, तिथे वीस मायक्रोसेकंद गेले तरी कुणाचं काय जातं. सिरीयलमधून काढा, कारण तिथे चिप स्वतःच स्टेटस रजिस्टरमध्ये 'मोकळी आहे' म्हणून सांगते, आणि अक्षरामागे एक जादा फेरी कशाला. जिथे ठेवाल तिथे कुणासाठी ठेवलीय हे फंक्शनच्या नावातच येऊ द्या. नुसतं 'थोडं थांब' असं नाव असलं की पाच वर्षांनी ते काढायची हिंमत कुणालाच होत नाही.

आणि आता तुमचं लॅबमधलं गप्प होणं. पैज लावत नाही, पण पहिला संशय इथे. कीबोर्डला आज्ञा देण्याआधी तुम्ही ६४ वाचता आणि पहिला बिट, म्हणजे शून्यापासून मोजून पहिला, शून्य होईपर्यंत फिरत राहता. तो बिट एक म्हणजे 'आधीचंच अजून उचललेलं नाही, थांबा'. बरोबर आहे हे. पण ज्या पोर्टच्या मागे काहीच जोडलेलं नाही ते पीसीवर वाचलं की एफएफ मिळतं, म्हणजे सगळे बिट एक. आजच्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्ड यूएसबीचा, आणि ६०-६४ हे बायोस मागे बसून नक्कल करतं तेवढंच; सेटिंगमध्ये ती नक्कल बंद असेल आणि बोर्डावर जुना कंट्रोलर नसेल तर उरलं एफएफ. तुमचं वळण मग जन्मभर फिरणार. क्यूएमूमध्ये कंट्रोलर कायम हजर, म्हणून तिथे हे कधी दिसत नाही.

सिरीयलवर याच एफएफची उलटी तऱ्हा. तिथे ३एफडीचा पाचवा बिट एक म्हणजे 'मोकळं आहे, पाठवा'. चिप नसली तरी एफएफमुळे कायम मोकळंच दिसतं, कोड अक्षरं ओतत राहतो आणि ती हवेत जातात. एकच कारण, एका ठिकाणी यंत्र अडकतं आणि दुसऱ्या ठिकाणी खोटं यश मिळतं. त्यामुळे नियम करा: पोर्टवर वाट पाहणारं प्रत्येक वळण मोजून फिरेल आणि हरलं तर चूक परत देईल. सिरीयलसाठी चिप आहे का ते आधी तपासा. तिच्यात लूपबॅक आहे, मोडेम कंट्रोल रजिस्टरचा चौथा बिट लावला की पाठवलेलं अक्षर स्वतःकडेच परत येतं. आलं तर चिप आहे. १४० ओळींतून अशी वळणं शोधली तर तुमच्याकडे सात-आठ निघतील.

एआरएमचं उत्तर बहुतेक तुम्हाला आवडणार नाही. एआरएममध्ये इन आणि आउट या सूचनाच नाहीत, तिथे सगळी उपकरणं मेमरीच्या पत्त्यावर. आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर पोर्ट ही कल्पनाच नाही. म्हणून लिनक्समध्ये अलीकडे 'या यंत्राला पोर्ट आहेत' असा वेगळा पर्याय आला आणि ज्या ड्रायव्हरना पोर्ट लागतात ते इतर यंत्रांवर कंपाइलच होऊ नयेत अशी मांडणी झाली. म्हणजे 'आउटबीला सगळीकडे चालणारा पर्याय' शोधू नका. थर एक पायरी वर घ्या: 'या उपकरणाच्या अमुक रजिस्टरमध्ये लिही'. मागे पोर्ट आहे की मेमरी, ते उपकरणाच्या स्ट्रक्टला माहीत. रजिस्टरांमधलं अंतरही तिथेच ठेवा, कारण पीसीवर सिरीयलची आठ रजिस्टरं एकेका बाईटवर असतात, तर कित्येक बोर्डांवर तीच चिप चार-चार बाईटवर पसरलेली.

शिवाय एक छुपा फरक. पोर्टवरचं लिखाण पूर्ण झाल्याशिवाय प्रोसेसर पुढे जात नाही. पीसीआयवर (कार्डं जोडायच्या बसवर) मेमरीतून केलेलं लिखाण मात्र मध्येच रांगेत उभं राहू शकतं, प्रोसेसर पुढे निघून जातो. 'रीसेट लिही, दहा मायक्रोसेकंद थांब' असं जे पोर्टवर नीट चालतं, ते मेमरीवर नेलं की थांबणं आधी संपतं आणि रीसेट नंतर पोचतो. लिहून झाल्यावर त्याच उपकरणाचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर परत वाचायचं, म्हणजे रांग पुढे सरकते.

दुसरा प्रोसेसर दाखवायचीच हौस असेल तर एआरएमऐवजी रिस्क-व्ही ही प्रोसेसरची जात घ्या. क्यूएमूच्या रिस्क-व्ही 'व्हर्ट' यंत्रात सिरीयल तीच १६५५० जातीची चिप, फक्त मेमरीत १००००००० या पत्त्यावर. एआरएमच्या 'व्हर्ट'मध्ये चिपच वेगळी, म्हणजे ड्रायव्हर नव्याने. एक्सव्ही-६ सुद्धा इंटेलवरून रिस्क-व्हीवरच गेलं, त्याचा कोड समोर ठेवून काम करता येईल.

'चालतंय त्याला हात लावू नका' म्हणणाऱ्या मित्राची समजूत घालायची एक युक्ती. कामाचे दोन ढीग करा: वागणं न बदलणारे बदल आणि वागणं बदलणारे बदल, आणि ते एका कमिटमध्ये कधीही मिसळू नका. पहिल्या ढिगात नावं देणं, आकड्यांच्या जागी नावाचे स्थिरांक, ओळी मालकाच्या फायलीत हलवणं. एका फायलीतली नावं बदललीत की डीबग माहिती बंद ठेवून बिल्ड करा, ऑब्जडंपने आधीचा आणि नंतरचा मशीन कोड काढा आणि डिफ मारा, म्हणजे दोन्हींतला फरक काढा. डिफ रिकामा आला की वाद संपला, बूट करून बघायचीही गरज नाही. असर्टमध्ये (चूक दिसली की थांबवणाऱ्या तपासणीत) ओळ क्रमांक छापत असाल तर तेवढे आकडे वेगळे दिसतील, घाबरू नका. हलवाहलवीत पत्ते बदलतात म्हणून तिथे हा डिफ इतका स्वच्छ येत नाही, तेव्हा एका वेळी एकच उपकरण. मी सिरीयलपासून सुरुवात करतो, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते सांगायला तोंड लागतं.

आज रात्री मात्र एवढंच करा. कीबोर्ड सुरू करायच्या आधी ६४ एकदा वाचा आणि आलेला आकडा पडद्यावर छापा; बी८००० च्या मेमरीत (पडद्यावरच्या अक्षरांच्या जागेत) थेट लिहिलं तर त्याला कुठलंही पोर्ट लागत नाही. एफएफ आला तर बायोसमध्ये जाऊन यूएसबी लेगसीचा पर्याय चालू करून परत बघा. १४ किंवा १सी सारखं काही आलं तर माझा संशय चुकला, कीबोर्डचा कंट्रोलर जागेवर आहे. मग त्या फायलीतलं सुरुवातीचं फंक्शन जसंच्या तसं मला दाखवा, थांबायच्या ओळींसकट.